कोकणातल्या उद्यानात थंडीचे बागवर्ग कसे घ्यावेत: नव्या शिक्षक-स्वयंसेवकांसाठी

देशावरच्या पुस्तकांत थंडीच्या बागेची सुरुवात गारठ्यापासून होते. किनाऱ्यावर ती ओलाव्यापासून करावी लागते. रत्नागिरी-मालवणला जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १८-१९ अंशांच्या आसपास असतो. दापोलीसारख्या उंचावरच्या गावी तो बराच खाली उतरतो, पण तिथेही भाजीला थंडीने अपाय व्हावा असे सहसा घडत नाही. अपाय होतो तो पाण्याअभावी. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, ऑक्टोबरात तो थांबतो आणि जांभ्याच्या मातीतले पाणी चाळणीतून गेल्यासारखे खाली निघून जाते. उद्यानातल्या वर्गाची आखणी करताना प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर तपासून घ्या: वाफा केवढा, पीक कोणते, वर्ग किती वाजता, आणि उरलेले सहा दिवस पाणी कोण घालणार.

केव्हा सुरू करायचे, किती जणांना घ्यायचे

तुळशीची लग्ने आटोपली की पहिला वर्ग ठेवा. तोवर परतीचा पाऊस संपलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो आणि सकाळी दव पडू लागते. आठ रविवार पुरतात. वेळ सकाळी साडेसात ते दहा. दहानंतर उन्हात उभे राहून कोणी शिकत नाही, आणि पक्षीही झाडीत शिरलेले असतात.

एका वर्गात वीस माणसे, चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला एक वाफा. गटात एक लहान मूल, एक घरी शेती असलेला आणि दोन अगदी नवखे असे मिश्रण जमले तर उत्तम. मुलांचा आणि मोठ्यांचा वर्ग वेगळा करण्यापेक्षा हे बरे. मुले बी पेरण्यात चपळ असतात, आणि घरच्या आजीला कडव्या वालाबद्दल जे माहीत असते ते तुमच्या टिपणात नसते. तिला बोलू द्या.

उद्यानाच्या माळ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठल्या झाडाखाली काही उगवत नाही, नळाला किती वाजेपर्यंत दाब असतो, हे त्यालाच ठाऊक असते. माळीदादांना न विचारता उघडलेली जमीन नंतर त्यांच्याच गळ्यात पडते आणि पुढच्या वर्षी तुम्हाला जागा मिळत नाही.

जागा आणि पाणी

दिवसातून किमान सहा तास ऊन येईल अशी जागा हवी. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात मोकळी वाटलेली जागा डिसेंबरात आंब्याच्या किंवा इमारतीच्या सावलीत जाते. ठरवण्याआधी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला जाऊन सावली कुठे पडते त्या खुणा करा. नारळाखाली वर्ग घेऊ नका; झावळ आणि नारळ पडायला वाऱ्याची वाट पाहत नाहीत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वाफ्याच्या एका चौरस मीटरला रोज चार ते पाच लिटर. पाच गटांचे पाच वाफे, प्रत्येक ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद, म्हणजे १५ चौरस मीटर. रोज जास्तीत जास्त ७५ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या सात-आठ झाऱ्या. हा आकडा माळ्याला आधीच सांगा.

विहीर किनाऱ्याजवळ असेल तर पाणी जिभेवर घेऊन पाहा. मचूळ लागले तर वाल, मुळा, कांदा घेऊ नका, ही पिके मीठ सोसत नाहीत. पालक आणि बीट बऱ्यापैकी तग धरतात. पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या तर बहुतेक लोक पाणी कमी पडले समजून आणखी मचूळ पाणी ओततात आणि रोप लवकर मरते. जानेवारीनंतर विहिरीची पातळी खाली जाते तशी चव बदलते, म्हणून महिन्यातून एकदा पुन्हा चाखा.

वाफा: थंडीत उंच नको

नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. गादीवाफा पावसाळ्यासाठी असतो, मुळे कुजू नयेत म्हणून. तोच उंच वाफा थंडीत ठेवला की चारही बाजूंनी वाळतो. थंडीच्या भाजीला सपाट वाफा करा, कडेला बोटभर उंच बांध घाला, म्हणजे ओतलेले पाणी आतच मुरेल. फक्त रोपवाटिकेचा छोटा वाफा १० सेंटिमीटर उंच ठेवा, कारण तिथे कोवळ्या रोपांच्या बुंध्याशी पाणी थांबून चालत नाही. रुंदी एक मीटर, मुले जास्त असतील तर ८० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. नाही पोहोचला तर वाफ्यात पाय पडतो.

पहिल्या वर्गाच्या महिनाभर आधी हे काम सुरू करा:

१. टिकाव-कुदळीने २० ते २५ सेंटिमीटर खणा. जांभ्याचे मोठे खडे वेचून बांधाला लावा. बारीक खडी राहू द्या, तिने बिघडत नाही.

२. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि त्यातले लोह-ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते. म्हणून शेतीचा चुना चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम पसरून मिसळा आणि पाणी शिंपडा. माती-परीक्षण झाले असेल तर त्यातला आकडा घ्या.

३. दोन-तीन आठवडे थांबा. चुना आणि शेणखत एकत्र टाकले की खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. वास आला तर समजा की खत हवेत चालले आहे.

४. मग तीन चौरस मीटरच्या वाफ्याला पूर्ण कुजलेले शेणखत ८ ते १० किलो, म्हणजे साधारण एक भरलेले घमेले. खत हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. कच्चे खत हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तण दोन्ही घेऊन येते.

५. दाताळ्याने सारखे करा, भरपूर पाणी द्या, आठवडाभर तसेच ठेवा. जे तण उगवेल ते खुरप्याने काढा. हे केले की पेरणीनंतरची निम्मी बेणणी वाचते.

भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची पद्धत तुमच्या वर्गातल्या अनेकांच्या घरी असेल. उद्यानात पाचोळा जाळू नका. थंडीत धूर खाली बसतो, आणि जो पाचोळा वाफ्यावर पांघरायला हवा तोच हातचा जातो.

पहिला रविवार: माती

बी पेरण्याची घाई सगळ्यांना असते, तरी पहिले पाऊण तास मातीला द्या. काचेच्या पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून दोन-तीन मिनिटे जोरात हलवा आणि स्थिर ठेवा. मिनिटभरात वाळू बसते, पुढच्या एक-दोन तासांत पोयटा, आणि चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. एक बरणी वाफ्यातल्या मातीची, एक भातखाचरातल्या मातीची आणि एक सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरच्या, मातीची भरा. तीन बरण्या शेजारी ठेवल्या की खाचरात भात कापल्यावरही वाल आणि कुळीथ नुसत्या ओलाव्यावर का येतात आणि सड्यावर का येत नाहीत, ते कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरा रविवार: पेरणी

पिके अशी निवडा की आठ रविवारांत निदान दोन तरी काढून घरी नेता येतील. लाल माठ आणि मेथी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत. चवळीला शेंगा धरायला सुमारे दीड महिना लागतो. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे वर्गापूर्वीच तयार असू द्या, म्हणजे त्या दिवशी पुनर्लागण दाखवता येईल. फ्लॉवर आणि वाटाणा किनाऱ्यावर टाळा. रात्री पुरेशा थंड नसतात, गड्डा सैल राहतो आणि निराशा पदरी येते. नवलकोल आणि कोबी चालतात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची वाणे मिळाली तर तीच घ्या: चवळीत ‘कोकण सदाबहार’, माठात ‘कोकण दुरंगी’, कारल्यात ‘कोकण तारा’. ती याच हवेसाठी निवडलेली आहेत.

अलिबागचा पांढरा कांदा लावायचा मोह होईल. भौगोलिक मानांकन मिळालेले हे पीक वर्गात दाखवण्यासारखे आहे खरे, पण नोव्हेंबरात रोप टाकून डिसेंबर-जानेवारीत लावलेला कांदा निघेपर्यंत तुमचा वर्ग संपलेला असतो. एखादी ओळ लावायची तर मार्चपर्यंत ती कोण सांभाळणार, हे आधी ठरवा.

माठाचे बी मोहरीहून बारीक. तीन चौरस मीटरला ६ ग्रॅम पुरते, आणि ते दहापट बारीक वाळूत कालवून फेकले तरच सारखे पडते. वरून माती ओढू नका, हाताचा तळवा फिरवा आणि चाळलेल्या खताचा पातळ थर द्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला माठ वर येत नाही. मुळ्याच्या ओळी ३० सेंटिमीटरवर, बी १ सेंटिमीटर खोल, उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर. विरळणी करताना लोकांचा हात कचरतो. न केल्यास नुसता पाला माजतो आणि मुळा बोटाएवढाच राहतो. उपटलेल्या रोपांची भाजी होते हे सांगितले की हात चालतो.

धणे पाट्यावर हलके रगडून दोन दळे करा आणि रात्रभर भिजवा. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. दुसऱ्या रविवारी पेरलेली कोथिंबीर तिसऱ्या रविवारी दिसली नाही म्हणून वाफा उकरू देऊ नका. चवळी ४५ बाय २० सेंटिमीटरवर, एका जागी दोन दाणे, २ ते ३ सेंटिमीटर खोल.

पेरलेला वाफा ओसाड पडला तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असते. मुंग्यांनी माठाचे बी वाहून नेले: पेरताना वाफ्याच्या कडेने चुलीच्या राखेची रेघ ओढा आणि ती भिजली की पुन्हा ओढा. झारी उंचावरून धरली: बी एका बाजूला वाहून जाते आणि मातीवर पापुद्रा धरतो, म्हणून झारीचे तोंड गुडघ्याच्या खाली ठेवा. किंवा उगवून आलेली रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली: पेरणी दाट झाली आहे आणि संध्याकाळी पाणी दिले जात आहे. पाणी सकाळीच द्या.

सोमवार ते शनिवार

सार्वजनिक बागेतले बहुतेक वर्ग इथे फसतात. रविवारी वीस जण पाणी घालतात, आणि गुरुवारपर्यंत वाफा करपतो. वेळापत्रक लिहून लावणे गरजेचे आहेच, पण सुट्टी, लग्न, परीक्षा आल्या की ते मोडते. म्हणून पाण्याची गरजच कमी करून ठेवा.

पहिला उपाय आच्छादन. रोपे चार बोटे उंच झाली की ओळींमध्ये ५ ते ७ सेंटिमीटर जाड थर द्या. भाताचा पेंढा सर्वांत सोयीचा. सुरूच्या काड्या चांगल्या. आंब्याची पाने पायाने चुरून घाला, अख्खी ठेवली तर पाणी वरूनच ओघळते. सागाची आणि फणसाची पानेही तशीच. बुंध्याभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडा. आच्छादन नीट असेल तर मोठ्या रोपांना दिवसाआड पाण्यावर भागते.

दुसरा उपाय मडके, आणि वर्गात दाखवायला याहून चांगले काही नाही. पाच-सहा लिटरचे, आतबाहेर रंग किंवा चकाकी नसलेले साधे मातीचे मडके घ्या. पाणी भरून ठेवल्यावर काही तासांत बाहेरून ओल दिसली तर ते पाझरते. कोरडेच राहिले तर दुकानात परत द्या. तीन मीटरच्या वाफ्यात मध्यरेषेवर मीटर-मीटर अंतराने तीन मडकी गळ्यापर्यंत पुरा, भोवतीची माती हाताने घट्ट दाबा. माती सैल राहिली तर मडके आणि मुळे यांच्यात हवेची पोकळी राहते आणि पाझर पोहोचत नाही. मडक्यापासून वीतभर अंतरावर चवळी, वांगी, टोमॅटो लावा. तीन-चार दिवसांनी पाणी भरा. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर डासांच्या अळ्या वाफ्यातच वाढतील. पालेभाजीच्या बियांना मात्र उगवेपर्यंत वरूनच पाणी द्यावे लागते.

तिसऱ्या रविवारपासून: अर्धा वेळ बाग, अर्धा निसर्ग

निसर्गफेरीत तीस झाडांची नावे सांगू नका. तीन ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी हातात घेऊन पाहू द्या. भिंगे दहापटीची, चौघांत एक. झाडावरचे तोडायचे नाही, खाली पडलेलेच उचलायचे, हा नियम पहिल्याच फेरीला सांगा.

मोहोर दिसू लागला की आंब्याखाली थांबा. खाली पांढरा कागद धरून फांदी हलकेच झटका आणि पडलेली फुले भिंगाखाली पाहा. बहुतेक फुले नर असतात. काही फुलांत मधोमध पिवळसर हिरव्या मण्यासारखा अंडाशय दिसतो. फळ धरण्याची आशा असते ती याच फुलांकडून. पन्नास फुले मोजून दोन्हींची संख्या लिहायला लावा. मोहोर एवढा आणि आंबे इतकेच का, या प्रश्नाचा निम्मा उलगडा कागदावरच होतो. त्याच कागदावर पाचरीच्या आकाराचे करडे तुडतुडे उड्या मारताना दिसतील. त्यांनी टाकलेला चिकटा पानांवर बोट फिरवून पाहता येतो, आणि त्यावरच पुढे काळी बुरशी चढते. परागीभवन करणाऱ्यांत माश्यांचा वाटा मोठा असतो हे इथेच सांगा, म्हणजे मोहोरात सरसकट फवारणी करणारे थोडा विचार करतील. त्याच झाडाची एक बाजू मोहरलेली आणि दुसरी तांबूस पालवीने भरलेली असेल तर ती दाखवा. पालवी जून झाल्याशिवाय आणि रात्री थंड झाल्याशिवाय फांदी मोहरत नाही.

डिसेंबर-जानेवारीत किंजळीचे शेंडे विटकरी रंगाचे दिसतात. ती फुले वाटतात, पण ती पंखवाली फळे असतात: एक पंख मोठा, दोन लहान. ऐनाच्या फळाला पाच पंख. ताम्हणाची वाळलेली बोंडे उकलली की आतून एकाच पंखाचे बी निघते. तिन्ही एकाच उंचीवरून सोडून कोणते किती सेकंदांत आणि किती दूर पडते ते मुलांना मोजू द्या. मुले हे तासभर करतात.

जानेवारीत काटेसावर फुलू लागते. तिच्याखाली गप्प बसून दहा मिनिटांत येणारे पक्षी मोजा: मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, नशीब असेल तर हळद्या. हिरवळीवर शेपटी वरखाली करत पळणारा धोबी थंडीचा पाहुणा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

बागेतली कीडसुद्धा निसर्गाच्याच तासाला घ्या. चवळी-वालाच्या शेंड्यावर काळा मावा बसला की लगेच फवारू नका. आधी भिंगाने पाहा: मुंग्या मावा राखतात, ढालकिड्याची काळपट अळी तो खाते. अळ्या दिसल्या तर चार दिवस थांबा. नाहीच कमी झाला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा. त्यानंतरही राहिला तर निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम भरडलेली निंबोळी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलेला अर्क लवकर निकामी होतो.

सावधगिरी

फुरसे हे विषारी सापाचे जनावर कोकणात सर्रास आहे, लहान असते आणि चिऱ्यांच्या फटीत किंवा पाचोळ्यात बसते. आच्छादनाचा ढीग उपसायचा तर हात घालायचा नाही, आधी दाताळे. पायात बंद बूट. दंश झालाच तर चिरणे नाही, चोखणे नाही, आवळून बांधणे नाही. माणसाला स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते जवळ कुठे मिळते याची चौकशी वर्ग सुरू होण्याआधीच करून ठेवा.

थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. तिची सोनेरी लव वाऱ्यानेसुद्धा अंगावर येते. फेरीची वाट आदल्या दिवशी चालून पाहा आणि वेल दिसला तर वाट बदला. लव लागली तर चोळू देऊ नका. चिकटपट्टी दाबून उपटा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. ओल्या काजूबीचे तेल कातडी भाजते, म्हणून बोंड दाखवा पण बी मुलांच्या हाती देऊ नका. काटेसावरीवर किंवा इमारतीला आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जायचेच नाही.

शेवटचे दोन रविवार

सातव्या रविवारी प्रत्येकाला घरी न्यायला एक रोप भरून द्या: दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग नारळाचा भुसा. भुसा किनाऱ्यावर बहुधा खारट पाण्यात कुजवलेला असतो, म्हणून वापरण्याआधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून पिळा. पिशवीला तळाशी चार भोके असतीलच असे गृहीत धरू नका.

आठव्या रविवारी बी धरायची झाडे निवडा. वाफ्यातली माठाची सर्वांत जोमदार चार-पाच रोपे न कापता राखा. तुरे तपकिरी झाले की कापून सावलीत वाळवा, कागदावर झोडपा, पाखडा, आणि कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. बाटलीवर पिकाचे नाव, वाफ्याचा क्रमांक आणि वर्ष लिहा. कोकणच्या दमट हवेत उघडे राहिलेले बी पावसाळ्यात बुरशी धरते, त्यामुळे बाटली जूनपूर्वी एकदा उघडून बी पुन्हा उन्हात न्यायचे आणि गार झाल्यावर लगेच बंद करायचे, हे काम कोणाचे ते त्याच दिवशी नावानिशी ठरवा.

रिकामे झालेले वाफे उघडे टाकू नका. जो पेंढा-पाचोळा उरला असेल तो सगळा वर पसरा आणि त्यावर झावळ्या टाका. जूनच्या पहिल्या सरीत उघड्या वाफ्याची वरची माती धुऊन जाते, आणि पुढच्या हंगामात पुन्हा खणायला घ्याल तेव्हा कुदळीला खालचा खडकच लागतो.